छत्रीतले पैलवान

“लांबनं बघायला पैसा न्हाई, जवळ आला तर डोळं दिपतील! ही छाती बघा, ही पोटरी बघा! घरात भिंतीला लावा, पोरगं च्या सोडून दूध मागंल!”

उंब्रजच्या जत्रेत, कुस्त्यांच्या फडाच्या तोंडाशी, बादशहाची छत्री गरगर फिरत होती. ती छत्री हेच त्याचे दुकान. घेराने एखाद्या बाजेएवढी असलेली ती काळी छत्री तो जमिनीत खुंटी ठोकून उभी करी. तिच्या काड्यांना दोऱ्यांनी पैलवानांची चित्रे टांगलेली असत. पोस्टाच्या कार्डाएवढे छायाचित्र, मागे जाड पुठ्ठा आणि खाली शाईने लिहिलेले नाव. दांडा फिरवला की लंगोट कसलेले, मिशांना पीळ दिलेले सगळे मल्ल गिऱ्हाइकाच्या नाकासमोरून एकामागून एक मिरवत जात.

बादशहा स्वतः इतका किडकिडीत होता, की छत्रीनेच त्याला धरून ठेवले आहे असे लोक म्हणत. डोक्याला हिरवी मखमली टोपी, अंगात पितळी गुंड्यांचे जांभळे जाकीट, डोळ्यांत सुरमा. त्याचे घर सांगलीत. पण वाईपासून मिरजेपर्यंत जिथे हलगी वाजेल तिथे तो हजर. चित्रे जमवण्याचे वेड त्याने या मुलखाला लावले होते. एकाच पैलवानाची दोन चित्रे झाली तर एक परत घेऊन तो दुसरे देई. मात्र हरलेल्या पैलवानाचे चित्र कोणी स्वस्तात मागितले, तर तो भडकून म्हणे, “हारला म्हनून अंग कमी झालं का त्येचं? सरक, मागच्याला बघू दे.”

त्या दिवसांत मी माधवनगरच्या एका कापडगिरणीत यंत्रांच्या देखभालीवर होतो. तंत्रशिक्षण पुरे करून नुकताच रुजू झालो होतो, आणि हाती येईल ती वस्तू तपासून, वर्गवारी लावून ठेवण्याची शिस्त अंगात मुरलेली होती. बादशहाची चित्रेही मी तालमींप्रमाणे लावीत असे. सगळी बसली, एक बसेना. ‘लियाकत पैलवान’ असे त्यावर लिहिले होते. तालीम कोणती, हे विचारले की बादशहा दांडा फिरवी आणि पुढचा पैलवान समोर आणी.

ज्यांनी त्या लियाकतला पाहिले होते, त्यांची मात्र वानवा नव्हती. धुळा नावाचा एक म्हातारा धनगर तर प्रत्येक फडात छत्रीपाशी येऊन सांगे, “मी बघितलाय की ह्येला! वाईला, किस्नंच्या काठाला. समोरचा गडी पिकल्या आंब्यागत पडला!”

अशा वेळी बादशहाचा हात दांड्यावर थबके. तो अगदी गंभीरपणे विचारी, “आबा, लंगोट कसला हुता वो त्येचा?”

“तांबडा.”

“व्हय. तांबडाच,” बादशहा म्हणे, आणि ते कुठेतरी जपून ठेवल्यासारखी मान हलवी.

एका सुट्टीच्या दिवशी ते चित्र भिंगाखाली धरले, तेव्हा घोटाळा माझ्या ध्यानात आला. चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडला होता, छातीवर उजवीकडून. सूर्य दोन बाजूंनी उगवत नाही. मान आणि खांदे यांच्यामध्ये कुंचल्याचा एक पुसटसा पट्टाही दिसला. डाव्या खांद्यापाशी हाडाचा एक उंचवटा होता, तोही मी कुंचल्याचीच चूक म्हणून सोडून दिला. त्याच संध्याकाळी मी बादशहाच्या घरी गेलो.

त्याची बायको हुसेनबी ओसरीवर खळीचे भांडे घेऊन पुठ्ठ्यांना चित्रे चिकटवीत बसली होती. बादशहाने माझ्या हातातले चित्र पाहिले आणि तो हसला.

“साहेब, तुमची नजर वाईट.”

“धड कोणाचे आहे, बादशहाभाई?”

“अल्लाला ठाऊक. मिरजंतल्या एका फोटुवाल्यानं दुकान मोडलं, तवा त्येच्या जुन्या काचा, ज्यावरनं फोटू छापत्यात त्या, मी घेतल्या. त्यात ही एक, गळ्याच्या वर फुटलेली. नाव न्हाई, गाव न्हाई. पर अंग काय वो ते! टाकवंना. पेटीतनं काढायचो, बघायचो, परत ठिवायचो.”

“आणि चेहरा?”

त्याने बायकोकडे पाहिले. हुसेनबीने हातातला पुठ्ठा बाजूला ठेवला.

“माझ्या धाकट्या दिराचा, लियाकतचा,” ती म्हणाली. “ल्हानपणी ताप आला, त्यात दोनी पाय गेलं. पर कुस्तीचं याड लय. हे त्येला खांद्यावर बसवून फडाला न्यायचं. घरी आलं की ह्येंची मान वळायची न्हाई. त्येनं वर बसून समदं डाव ह्येंच्या मानंवर केल्यालं असायचं!”

“ढाक लावायचा, ढाक!” बादशहा मानेला हात लावून म्हणाला. “आन वरनं मलाच म्हनायचा, भाई, नीट उभा ऱ्हा, नाय तर चितपट हुशील.”

दोघेही हसली. मग हुसेनबीने पुठ्ठा पुन्हा हाती घेतला.

“गेला, तवा माती द्यायला आमी घरचीच मानसं,” बादशहा म्हणाला. “बाहीर कुनाला सांगायचं? घराच्या उंबऱ्याबाहीर त्येला वळखत हुतं कोन? मग ही काच घावली. त्येच्या एका फोटूतलं डोस्कं जुळवून नवी काच करून घेतली आन छत्रीला टांगली. कुनीतरी इचारलं, ह्यो कोन? म्या म्हनलो, लियाकत पैलवान. बस्स, साहेब. म्होरलं समदं लोकांनीच केलं. त्यास्नी खोटं सांगितलं असं म्हना, पर आता गावोगाव त्येची वळख हाय.”

मी ते चित्र घरी आणले आणि कोणत्याच तालमीत न घालता वेगळे ठेवले.

उंब्रजच्या ज्या जत्रेपासून मी आरंभ केला, ती यानंतरची. युद्ध संपून फौजी परतले होते, त्यांच्या खिशांत पगार होता आणि फडाला बऱ्याच वर्षांनी रंग चढला होता. त्यांतला मानसिंग नावाचा एक हवालदार लियाकतच्या चित्राचा मोठा भक्त. पलटणीत ते त्याने ट्रंकेच्या झाकणाला आतून लावले होते म्हणे. फडाच्या पंचांत नाथाजी वस्ताद बसले होते. त्या पट्ट्यात त्यांच्याएवढा मान दुसऱ्या कोणाला नव्हता. त्यांची पाठ कधी मातीला लागली नव्हती. पण त्यांना त्याहून अभिमान होता तो वेगळ्याच गोष्टीचा. त्यांनी एकही कुस्ती बरोबरीत सुटू दिली नव्हती. “बरोबरी म्हंजी दोघांचीबी हार,” असे ते पोरांना शिकवीत.

मानसिंगला त्यांची थट्टा करायची लहर आली. “वस्ताद, लियाकत पैलवान घावला न्हाई तुमास्नी, म्हनून पाठ कोरी ऱ्हायली बरं का!”

“कोन लियाकत?”

“आता काय म्हनावं! त्यो बघा की, छत्रीला लटकलाय.”

वस्ताद उठले. फेटा सावरीत ते छत्रीपाशी आले, तशी त्यांच्यामागे अर्धा फड आला. मी बादशहाशेजारीच उभा होतो.

“कुठल्या तालमीचा रं ह्यो?” वस्तादांनी विचारले.

बादशहाने दांडा फिरवला नाही.

“साऱ्या तालमींची माती अंगाला लावल्याली हाय म्या. ह्यो गडी मला कसा ठावं न्हाई? खरा असंल तर त्येचा वस्ताद सांग. खोटा असंल तर ही छत्री हितंच पेटव, आन पुन्ना कुठल्या फडाला तोंड दावू नगंस. मातीत घाम गाळल्याल्यांच्या पंक्तीला तू सोंग बसीवतोस व्हय रं?”

धुळा गर्दीतून ओरडला, “आवं, म्या बघितलाय त्येला, वाईला!”

“तू गप, धुळा. तू रेड्याचीबी कुस्ती बघितली असशील.”

लोक हसले. बादशहा हसला नाही. ज्याच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला उत्तर होते, तो माणूस छत्रीचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा होता. छत्री गेली असती तर त्याने दुसरी केली असती. लियाकत मात्र दुसऱ्यांदा गेला असता, आणि या वेळी सगळ्या मुलखाच्या हशात.

वस्तादांनी चित्र ओढले. दोरा तुटला. फाडण्यासाठी त्यांनी ते दोन्ही हातांत धरले आणि एकदा नीट पाहून घ्यावे म्हणून हात लांब करून उन्हाकडे वळवले.

ते तसेच उभे राहिले. मग त्यांचा उजवा हात सावकाश स्वतःच्या बंडीत गेला आणि डाव्या खांद्यापाशी थांबला. कापडाखाली त्यांची बोटे ज्यावरून फिरत होती, तो हाडाचा उंचवटा मला दिसला. पूर्वी कधीतरी मोडून जुळलेले हाड. चित्रातही ते तिथेच होते.

“ही काच कुठनं आनलीस?” त्यांनी विचारले. आवाज इतका खाली आला होता, की आम्हा दोघांनाच ऐकू जावा.

“मिरजंत, वस्ताद. फुटकी घावली. मान न्हवती.”

“फोटुवाला म्हनला, काच फुटली, दुसरा काढू. म्या म्हनलो, पुन्ना कोन येतंय एवढ्या लांब? ऱ्हायलं ते ऱ्हायलंच.” वस्तादांचा अंगठा चित्रातल्या छातीवरून फिरला. “तवाचा दुसरा फोटू न्हाई माझा. घरात नातवंडांस्नी खरं वाटत न्हाई, असा हुतो म्हनून.”

बादशहाने छत्रीचा दांडा सोडला.

“डोस्कं कुनाचं?”

“भावाचं. धाकट्या. पायानं अधू हुता, वस्ताद. जल्मात उभा ऱ्हायला न्हाई.”

मागून मानसिंगचा आवाज आला, “काय वो वस्ताद, फाडताय न्हवं?”

वस्ताद वळले. त्यांनी चित्र सगळ्यांना दिसेल असे वर धरले.

“लढलोय म्या ह्येच्यासंगं,” ते मोठ्याने म्हणाले. “मिरजंच्या हौद्यात. नाव इसरलो हुतो, अंग बघितलं तवा याद आली.”

“मग? पाडला?”

वस्ताद थोडे थांबले. मला वाटते, तेवढाच वेळ त्यांना जड गेला.

“न्हाई. बरोबरीत सुटली.”

फडात कुजबुज उठली. मानसिंगचे तोंड उघडेच राहिले. “पर वस्ताद, तुमची तर एकबी कुस्ती...”

“एक हाय. लाजंनं सांगत न्हवतो. आता कळलं न्हवं समद्यास्नी? चला, हलगी थांबलीया, पोरं ताटकळल्यात.”

गर्दी पांगली. धुळा मात्र जाता जाता ज्याला त्याला सांगत होता, की मिरजेची ती कुस्तीही त्याने पाहिली होती. बादशहाने वस्तादांची बंडी धरली.

“वस्ताद, काच तुमची हाय. तुमचा चेहरा बसवून देतो. कारागीर हाय माझ्याकडं. तुमचंच नाव घालतो खाली.”

“आन त्यो?”

बादशहाने चित्रातल्या चेहऱ्याकडे पाहिले.

“माझं ते अंग आता माझ्याकडं तरी कुठं ऱ्हायलंय, गड्या?” वस्ताद म्हणाले. त्यांनी तुटलेल्या दोऱ्याला गाठ मारली आणि चित्र परत छत्रीला टांगले. “त्येला उभा ऱ्हाऊ दे.”

फड आटोपताना बरोबरीत सुटलेल्या जोड्यांना पंच एकच नारळ फोडून निम्मा-निम्मा देत. त्या दिवशीच्या जोड्या संपल्यावर वस्तादांनी आणखी एक नारळ मागून घेतला, पंचांसमोर फोडला, वरची अर्धी कवड स्वतः ठेवली आणि खालची, पाण्यासकट, छत्रीकडे पाठवून दिली.

सांगलीला आम्ही एकाच मोटारीने परतलो. छत्री मी सांभाळली होती, कारण बादशहाचे दोन्ही हात गुंतलेले होते. रस्ता खाचखळग्यांचा. प्रत्येक धक्क्याला तो हात किंचित वर उचली आणि कवड पुन्हा सपाट धरी. शेजारच्या बाईने म्हटले, “आवं, पिऊन टाका की ते पानी, किती येळ धरून बसनार?” त्याने नुसती मान हलवली.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. कवडीच्या तळाशी घोटभर पाणी उरले होते. हुसेनबी ओसरीवर आली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून जागीच थांबली.

“लियाकत लढ्या आज,” बादशहा म्हणाला. “बराबरी में छूट्या.”

तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा त्या कवडीकडे. मग पदर डोक्यावर घेऊन ती पुढे झाली आणि दोन्ही हातांनी कवड घेत तिने विचारले,

“किसके साथ?”