अब्बांनी निवडलेली सीताफळं

मशीनने पहिलं सीताफळ बाजूला ढकललं तेव्हा उज्माला काही वाटलं नाही. दुसरं, तिसरं, चौथंही ढकललं, तेव्हा ती मशीनजवळ धावली.

बीडच्या कॉलेजात एम.टेक. करणाऱ्या उज्मा, सत्यम आणि मंजुषाला आष्टीजवळच्या एका कंपनीने प्रोजेक्ट दिला होता. कंपनी सीताफळाचा गर काढते. पट्ट्यावरून जाणारं फळ कॅमेऱ्याने पाहून चांगलं-वाईट निवडायचं, एवढंच काम. जमलं तर एकाला तिथेच नोकरी. कॅमेऱ्याला फळ ओळखायला शिकवलं होतं उज्माने, तेव्हा नोकरी तिचीच, हे ठरल्यासारखंच होतं. आणि तिला ती हवीच होती. जवळ मिळाली तर कर, पुण्याबिण्याला पाठवणार नाही, असं तिच्या आईने, आमिनाबीने, आधीच बजावलं होतं.

आणि आता मशीनने अजिनाथ नावाच्या शेतकऱ्याचा अख्खा टेम्पो नापास करायला घेतला होता. मशीनला काय, त्याला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

"मालच खराब हाय म्हणून सांग," सत्यम हळूच म्हणाला. "कुणाला कळतंय?"

प्लँटच्या मॅनेजर वनमाला मॅडम अजिनाथकडे वळल्याच होत्या. "काय हो, असला माल आणता?"

"आजच तोडलाय मॅडम. लई गोड हाय," अजिनाथ म्हणाला. त्याचा आवाज पडला होता.

उज्माने ढकललेलं एक फळ उचलून फोडलं. आत पांढराशुभ्र गर. वरून मात्र काळपट, वेडंवाकडं, डोंगरात येतं तसं साधं फळ. असलं फळ मशीनने चांगलं म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. पाहणार कुठून? शिकवायची फळं रोज तिच्या वडिलांच्या, जमीलभाईंच्या फळगाड्यावरून यायची. चांगली-वाईट दोन्ही द्या, असं तिने सांगितलं होतं. पण पोरीचा अभ्यास म्हटल्यावर जमीलभाई टोपली उपसून देखणी फळं काढायचे. वाईट म्हणून जे द्यायचे, तेही दुसऱ्याच्या गाड्यावर चांगलं म्हणून खपलं असतं. उज्मा हे रोज बघायची आणि मनातून सुखावायची.

"मॅडम, माल चांगला आहे," ती म्हणाली. "मशीन चुकलंय. मीच चुकीचं शिकवलंय."

"सीझन संपत आलाय," मॅडम म्हणाल्या. "आठवड्यात होत असेल तर बघा, नाहीतर दुसऱ्या कॉलेजला देऊ." नोकरीचं त्यांनी नावही काढलं नाही. बीडला परतताना सत्यम बसमध्ये तिच्यापासून लांब जाऊन बसला.

संध्याकाळी ती गाड्यावर गेली. "पास झालं का मशीन?" जमीलभाईंनी विचारलं.

"न्हाई अब्बा. मला काळी, डागाची, चिरलेली फळं पाहिजेत. लई पाहिजेत."

"कावून? पोरीच्या कॉलेजात सडकं पाठवू? लोक काय म्हणतील मला?"

"तुमच्या चांगल्या फळांनीच नापास झाले मी," ती ताडकन बोलून गेली. जमीलभाईंनी हातातलं फळ खाली ठेवलं. उज्माला फार वाईट वाटलं, पण बोलणं परत घेता येईना.

सकाळी उठली तर अब्बा गाडा घेऊन गेले होते. दारात क्रेट भरून ठेवलं होतं. सांगितली तशीच फळं होती. फक्त प्रत्येक फळ फडक्याने पुसलेलं, खाली कागद घातलेला, आणि डागाची बाजू खाली. आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकापासून डाग न लपवलेल्या माणसाने पोरीसाठी एकूण एक डाग लपवला होता.

उज्माला आधी हसू आलं, मग रडू आलं. कॉलेजात जाऊन तिने एकेक फळ उचललं आणि डाग वर करून कॅमेऱ्याखाली ठेवलं.