घुग्घुसच्या जुन्या फिल्टरचा सूड

मी एक जुना फिल्टर आहे, माशांच्या टाकीतलं पाणी गाळणारा. मित्रांनो, माझी दया करू नका. मी सूड घेतला आणि तो मला गोड लागला.

मला कुठल्या कारखान्यात घडवलं ते आठवत नाही. आठवतं ते घुग्घुस. कोळसा खाणीवर डंपर चालवणाऱ्या प्रफुलच्या घरी मी नऊ वर्षं गोड्या पाण्याच्या टाकीवर राबलो. इथे खिडकी उघडली की काळी धूळ आत येते. पाण्यावर बसलेली ती धूळ मी गिळली. पाहुणे म्हणत, "पाणी आहे का काच!" मिशीवर हात मात्र प्रफुल फिरवायचा.

यंदा त्याची मुलगी दिव्यानी दहावी पास झाली. तिला समुद्रातले दोन नारिंगी मासे हवे होते, म्हणून नागपूरहून मासे आणि खाऱ्या पाण्याची टाकी आली. तिच्यासोबत निळ्या दिव्याचा नवा फिल्टर आला. "हा खटारा कायले ठेवता?" म्हणत प्रफुलने मला मागच्या अंगणात भिरकावलं. माझ्या झाकणाची कडी तुटली. तेव्हापासून मी एकच मागत होतो, याची टाकी नासू दे.

नासलीच. चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढरं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. घरातला आवाज अंगणात ऐकू येत होता.

"तूच खाणं जास्त टाकलं!"

"नाई बाबा, चिमूटभरच टाकते मी."

"मंग काय म्या नासवलं? उद्या मासे नागपूरले वापस!"

प्रफुलची आई गुणाबाई म्हणाली, "पोरीवर काऊन ओरडून राह्यला? मासे मरून राह्यले, ते पाह्य आधी."

पोर रडली. मला तर प्रफुल रडायला हवा होता.

दिव्यानीने चंद्रपूरच्या मासे विकणाऱ्या ज्योत्स्नाताईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, खाणं बंद कर, हवेची नळी चालू ठेव, जुना फिल्टर असेल तर धुऊन, कापूस भरून जोड. मग दिव्यानीने मला उचललं, कोळ्याची जाळी काढली, कडीच्या जागी तार बांधली.

"हा खटारा काय करते आता?" प्रफुल हसला.

त्या हसण्यावर मी पाणी ओढायला लागलो. मीठ अंगाला झोंबत होतं. तासातासाला कापूस पेजेसारखा बुळबुळीत होई, दिव्यानी तो बदलत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मागचा दगड दिसू लागला. दगडामागे रुमालाची एक पुरचुंडी होती. रुमाल प्रफुलचा होता.

दिव्यानीने ती बाहेर काढून तिची गाठ सोडली. आत निवळीच्या बियांचा कुजका भुगा. घरभर घाण सुटली.

"बोल," गुणाबाई म्हणाली.

प्रफुल खाली बघत होता. "पहिल्या दिवशी वाळू उठून पाणी गढूळ झालतं. भामरागडले माह्या दोस्ताच्या, लालसूच्या घरी पाह्यलं होतं म्या, पुराचं पाणी निवळीनं साफ करतेत."

"अरे, ते मडक्याले आतून निवळीची बी घासतेत. गाळ बसला का वरचं पाणी ओतून घेतेत. तू तं पुरचुंडी डुबवून सडवली! आता मासे ओतून घेशीन का?"

दिव्यानीने तो कुजका रुमाल बापाच्या हातात दिला. तो म्हणाला, "चुकलं बाई माह्यं. राहू दे तुहे मासे इथीच."

संध्याकाळपर्यंत मासे दगडाभोवती फिरू लागले. मला साफ करायचं काम दिव्यानीने बापाला दिलं, दर रविवारी, हाताने.

मित्रांनो, जुनी वस्तू धुवा, पुसा, नीट जागी ठेवा. टाकून दिलेली वस्तू निमूट पडलेली दिसते, पण ती काही विसरत नाही. आठवडाभराचा सगळ्यात घाणेरडा गाळ मी पोटाच्या अगदी कोपऱ्यात दाबून धरतो. रविवारी प्रफुल तोंड फिरवून, श्वास रोखून झाकण उघडतो.

घाल हात, प्रफुलभाऊ. अजून आत.