शेवटचा हात लॅकरचा

मी बोलतोय, तीन शून्यांचा ब्रश. आमच्यात शून्यं जितकी जास्त, तितका ब्रश बारीक. एके काळी माझं टोक सुईसारखं होतं. आज केस दोन दिशांना फाटलेत आणि मी स्टीलच्या पेल्यात डोकं वर करून उभा आहे. दमलोय. तरी सांगायचं ते सांगून टाकतो, कारण या घरात ऐकून घ्यायची पद्धत जरा कमी आहे.

मला मन्सूरभाईंनी अप्पा बळवंत चौकातून आणलं. त्यांनी टोक ओलं करून बघायला मागितलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, "घ्यायचा तर घ्या. चव बघायला ही भेळ नाही." त्यांनी पैसे मोजले.

मन्सूरभाईंनी पस्तीस वर्षं गॅरेजमध्ये खऱ्या गाड्या रंगवल्या. गुडघे गेले, तेव्हा बिबवेवाडीच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, त्यांनी तळहातावर मावतील एवढ्या गाड्या करायला घेतल्या. जुन्या, पन्नास-साठ सालातल्या, गोल पाठीच्या.

अंगाचा रंग फवाऱ्याने व्हायचा. माझ्याकडे क्रोम. बंपर, पुढची जाळी, दिव्यांच्या कडा, दारावरून मागे जाणारी बारीक पट्टी. आधी चकचकीत काळा द्यायचा, तो वाळला की वर क्रोमचा रंग, अगदी पातळ, श्वास रोखून, एकाच दिशेने. एवढं झालं की गाडी आपल्याकडे बघते आहे असं वाटायचं. जुन्या गाडीचा चेहरा तिच्या क्रोममध्येच असतो.

आणि मग मन्सूरभाई तिच्यावर लॅकर मारायचे.

लॅकर म्हणजे रंगावरचा शेवटचा पारदर्शक हात. गॅरेजची सवय. "लॅकरशिवाय गाडी म्हणजे टॉवेलवर दारात आलेला माणूस," असं ते म्हणायचे. अंगाला लॅकर छान बसायचं. क्रोमचा मात्र जीव जायचा. चमकणारा बंपर तासाभरात जुन्या पातेल्यासारखा राखाडी व्हायचा. मन्सूरभाई तो खिडकीशी धरायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "हल्ली मालच हलका येतो."

अशा एकवीस गाड्या मी केल्या. एकवीस वेळा माझं काम माझ्यासमोर मेलं. माणसं आपली चूक किती मायेने सांभाळतात, हे मी तिथे पाहिलं.

त्यांची मुलगी जरीना. रसायनशास्त्रात पदवी घेतलेली, रंगाच्याच एका कारखान्यात तपासणीला. बापलेकीचं घरातलं भांडण दखनीत चालायचं. मी ते मराठीत सांगतो.

"अब्बा, लॅकरमधल्या थिनरने क्रोमचे कण हलतात. म्हणून चमक जाते. आधी लॅकर मारा, क्रोम शेवटी काढा."

"पस्तीस वर्षं मी शेवटी लॅकरच मारलंय."

"गॅरेजमध्ये क्रोमवर कागद चिकटवून ते झाकायचात ना?"

"ते क्रोम होतं. हा रंग आहे. रंगावर लॅकर लागतंच."

तिने प्लॅस्टिकच्या चमच्यावर क्रोम देऊन दाखवलं. अर्ध्यावर लॅकर, अर्धा तसाच. अर्धा राखाडी, अर्ध्यात खिडकी दिसत होती. मन्सूरभाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "चमचा चमचा असतो, गाडी गाडी असते," म्हणाले आणि जेवायला बसले. जरीनाने तो चमचा त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी त्याच्याकडे न बघता वरण वाढून घेतलं.

मग खराडीचे हिंदुराव एक गाडी करून घ्यायला आले. त्यांच्या शेताच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. त्यांनी एक काळा-पांढरा फोटो टेबलावर ठेवला: कांद्याच्या ढिगाशेजारी लांबलचक विलायती गाडी आणि तिच्या दाराला हात लावून उभे असलेले त्यांचे वडील दत्तोबा. खडकवासल्याच्या एका साहेबाकडून घेतलेली गाडी. सगळ्या गावात ती एकच.

"मन्सूरभाई, आबाचे डोळे गेल्यात जमा हायत," हिंदुराव म्हणाले. "माणूस कळत न्हाई. चकाकतं तेवढंच दिसतं. ताटाची कड दिसती, म्हणून जेवतोय म्हातारा. सोमवारी ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणतो, हाय ते राहील का तेबी जाईल, सांगता येत न्हाई. त्याच्या आत त्याला ही गाडी एकदा बघायचीय. बाकी कसं का होईना, बंपर दिसला पायजे."

मन्सूरभाई म्हणाले, "रविवारी घेऊन येतो."

त्यांनी जीव ओतला, हे मला मान्य करायला हवं. क्रोमला तीन दिवस घेतले. बोटं आखडली की मला खाली ठेवून ती चोळायचे, मग पुन्हा उचलायचे. बुधवारी दुपारी गाडी अशी लखलखत होती की त्यांनी स्वतःच दोनदा मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी त्यांनी लॅकर मारलं.

जरीना कामावरून आली, टेबलाशी थांबली. "हे काय केलंत?"

"पूर्ण केली."

"त्या म्हाताऱ्याला फक्त चमक दिसते, अब्बा. तुम्ही तीच पुसलीत."

"तुझ्या कारखान्यात जाऊन शिकव. गाडी दोन दिवस वाळू दे."

शुक्रवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मन्सूरभाई नमाजाला गेले की मशिदीबाहेर मित्रांबरोबर चारपर्यंत बसतात, हे साऱ्या घराला ठाऊक. ते जिना उतरले आणि तिने मला उचललं. वाळलेल्या लॅकरवर पुन्हा काळा. केस वाळवायच्या यंत्राने तो सुकवला. मग क्रोम. तिचा हात घाईचा आणि रागाचा होता, पण हलला नाही. मधूनमधून ती मला जहाल थिनरमध्ये बुडवून झटकत होती. तिसऱ्या बुडीत माझे केस फाटले. तिने मला बोटांनी चिमटून टोक काढलं आणि उरलेली पट्टी ओढली. पावणेचारला गाडी जागेवर होती.

शनिवारी मन्सूरभाईंनी ती पाहिली. बराच वेळ पाहिली. "बघितलंस? लॅकरला दोन दिवस द्यावे लागतात."

जरीनाने ते तसंच चालू दिलं. खरं सांगितलं असतं, तर त्यांनी डबा पुन्हा उघडून लॅकर मारलं असतं.

रविवारी बापलेक खराडीला निघाले, तेव्हा तिने वाटेत कुठे घासलं तर असावा म्हणून मलाही खोक्यात घेतलं.

दत्तोबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. जरीनाने गाडी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी मान पुढे काढली, मागे घेतली. "कुठं हाय?"

हिंदुरावांनी तोंड फिरवलं. जरीनाने गाडी उन्हाकडे जराशी कलती केली.

"थांब," दत्तोबा म्हणाले. "हलू नगं." त्यांचं बोट हवेतच पुढे आलं. "हा बंपर. हा दिवा. ही पट्टी निघाली... हितं दार. दार मीच उघडायचो. ड्रायव्हरला हात लावू दिला न्हाई कधी."

मन्सूरभाई पुढे सरकले. "लॅकरची कमाल आहे, आबा."

"लॅकरची नाही," जरीना म्हणाली. "लॅकरने चमक घालवली होती. शुक्रवारी तुम्ही नमाजाला गेलात, तेव्हा मी क्रोम परत काढलं."

मन्सूरभाईंनी खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

"पोरी," दत्तोबा म्हणाले, "जरा डावीकडं धर. मागचा दिवा दिसंना."

ती तशीच धरून उभी राहिली. हात भरून आले तरी.

बापलेक एकाच स्कूटरवरून परतले. घरी आठवडाभर फक्त मीठ दे, दार लाव, एवढंच.

त्यानंतरची गाडी टेबलावर आली. मन्सूरभाईंनी अंग रंगवलं, लॅकर मारलं, वाळवलं. बंपर, जाळी, पट्ट्या मात्र नुसत्या काळ्या. शेजारी एक नवा ब्रश, दुकानाच्या कागदासकट.

जरीनाने विचारलं, "पट्ट्या राहिल्यात?"

"गुडघे दुखतात."

"पट्ट्या गुडघ्याने काढता?"

"चहा टाक."

"तुम्हीच टाका. माझे हात आता भरणार."

ते उठले. स्वयंपाकघरात साखरेचा डबा शोधताना त्यांची खडखड बराच वेळ ऐकू आली. तिने सांगितलं नाही तो कुठे आहे ते.

मी पेल्यातून बघत होतो. नव्या ब्रशाने पहिली रेघ सरळ ओढली. माझी एवढीच विनंती आहे: मला आता धुऊ नका, टोक काढायचा प्रयत्न करू नका. माझं एकच काम लॅकरखाली गेलं नाही, आणि तेवढं मला पुरतं.