धाकटीची की

जमिनीची मोजणी करून नकाशे काढायचा धंदा घरचाच. सासऱ्यांनी तो उभा केला, मोठ्या दिरांनी मिरवला आणि कॉम्प्युटर आल्यापासून धाकट्या सुनेनं ओढला. तिला घरात नि ऑफिसात सगळे धाकटीच म्हणत. पन्नाशी आली तरी म्हणतील. नकाशे आता क्लाउडवरच्या मशीनवर असत, म्हणजे लांबच्या कुठल्याशा कंपनीच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर. त्याला सगळ्यांत मिळून एकच पासवर्ड, आणि तो चहावाल्यालाही पाठ होता.

मागे एका शाळेच्या प्लॉटची हद्द नकाशात चार हात आत सरकली. कोणी सरकवली? सगळ्यांनी कानांवर हात ठेवले आणि खापर धाकटीच्या डोक्यावर फुटलं, कारण मशीनमधलं तिलाच कळतं. शाळेच्या मुख्याध्यापिका ऑफिसात येऊन तिला नाही नाही ते बोलून गेल्या. नवरा शेजारी मोबाइल चाळत बसला होता. धाकटी रडली, आणि रडून झाल्यावर तिनं पासवर्डच बंद करून टाकला.

आता मशीनमध्ये शिरायचं तर ज्याचं त्याचं खातं आणि ज्याची त्याची की, म्हणजे किल्लीचं काम करणारी फाइल. एका कमांडमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या एका ओळीत, दोन कींची जोडी तयार होते. त्यातली पब्लिक की कुलपासारखी मशीनवर ठेवायची, ती जगानं पाहिली तरी बिघडत नाही. प्रायव्हेट की मात्र आपल्या लॅपटॉपवरून हलवायची नाही, सख्ख्या नवऱ्यालाही द्यायची नाही; ती ज्याच्या हाती, तो आपल्या नावानं आत शिरतो. कोण आत आलं ते मशीन नावानिशी टिपून ठेवतं. सासऱ्यांनीसुद्धा चष्मा पुसत पुसत आपली जोडी करून घेतली. मोठ्या दिरांना, भाऊजींना, तेवढी सवड सापडेना.

मग एका सकाळी ते तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"धाकटे, तुझी प्रायव्हेट की मला मेल कर. जरासं काम आहे."

"तुमचीच जोडी करून देते ना, भाऊजी. बसा."

"मला कशाला ती भानगड? घरातल्या घरात कसलं आलंय तुझं-माझं?"

"शाळेच्या बाई माझ्यावर ओरडत होत्या, तेव्हा नाही आठवलं हे?"

"अगं, देऊन टाक ना," नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "उगाच वाद कशाला?"

"तू देतोस तुझी?"

नवऱ्याची मान आणखी खाली गेली. म्हणजे त्यालाही सगळं कळत होतं!

भाऊजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "कंपनी माझ्या बापाची आहे! उद्यापासून येऊ नकोस. तुझी कीच काढून टाकतो, आत्ताच्या आत्ता!"

ते तावातावानं समोरच्या आपल्या खुर्चीत बसले आणि जुना पासवर्ड बडवला. परवानगी नाही. पुन्हा बडवला. परवानगी नाही. आरडाओरडा ऐकून सासरे केबिनच्या दारात येऊन उभे राहिले होते.

भीती धाकटीलाही होती. काम गेलं तर याच घरात, याच माणसांत, चोर म्हणून राहायचं होतं. पण राग त्या भीतीहून मोठा होता.

"काढा ना, भाऊजी. खुशाल काढा. फक्त माझी की काढायला आधी आत शिरावं लागेल, आणि शिरायचं ते स्वतःच्या नावानं. तुमची पब्लिक की द्या, मी चढवते, सगळे अधिकार देते. मग पहिलं मलाच हाकला. एवढंच, की हाकलणाऱ्याचं नाव टिपलं जाईल."

भाऊजींचे हात कीबोर्डवरून उठले. "करतो नंतर."

"आत्ता कर," सासरे म्हणाले. "माझ्यासमोर. एका कमांडचं तर काम."

भाऊजी उठले आणि बापाची नजर चुकवत जिना उतरून गेले. "म्हणजे हद्द यानंच सरकवली," सासरे त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले.

"बाबा," धाकटी म्हणाली, "आता शाळेत फोन तुम्ही लावायचा. मी नाही लावणार."

त्यांनी लावला. "बाई, ती हद्द माझ्या सुनेनं नव्हती सरकवली," ते म्हणाले. आणि पुढे त्यांनी थोरल्या मुलाचं नाव घेतलं.