बगळ्याला कोबीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. कागदावरचा नव्हे, संगणकातला. तळ्यावरून झेप घेणारा पांढराशुभ्र बगळा, तो मी. मला टिपणाऱ्या ताईचे फोटोंचे छोटेसे दुकान आहे. तिच्या संगणकाच्या पडद्यावर दर्शनी जागा माझीच असे. येणारे गिऱ्हाईक हटकून म्हणायचे, "काय सुरेख बगळा! मलाही पाठवा." ताई पाठवायची. मी गावभर झालो.

मग आला तो कोबी.

ओट्यावरचा, एका बाजूने पिवळा पडलेला गड्डा. ताईने त्याचा फोटो काढला, तासभर त्याच्याशी खटपट केली आणि परगावी दिलेल्या धाकट्या बहिणीला पाठवला. पुढे बादल्या गेल्या, बटाटे गेले. मी काही गेलो नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आईलाही ते खटकले. "अगं, तिला बगळा पाठव. कोबी कसले पाठवतेस?"

ताईने दार लोटले. "आई, नवरा तिचा फोन रोज तपासतो. बोलताना शेजारी बसून ऐकतो. म्हणून फोटोत मजकूर लपवते."

"कोबीत?"

"फोटो म्हणजे रंगाचे बारीक ठिपके. प्रत्येक रंगाला आकडा असतो. तो एका अंकाने इकडेतिकडे केला तर डोळ्याला कळत नाही, पण त्यातून अक्षरं मांडता येतात. ती लपवायची आणि वाचायची सोय मी तिच्या फोनमध्ये एका खेळाआड करून ठेवलीय."

"मग बगळ्यात लपव की."

"बगळा सगळ्यांकडे आहे. कुणी दोन बगळे ताडून पाहिले तर बिंग फुटेल. कोबीचा दुसरा फोटो कुणाकडेच नाही."

ज्या कौतुकावर मी फुगलो होतो, त्यानेच माझा पत्ता कापला.

धाकटीची उत्तरेही तशीच यायची. एकदा तिने चपलांचा फोटो पाठवला. ताईने तो उलगडून आईला वाचून दाखवला, "हा आता बाहेरून कुलूप लावून जातो. मला घेऊन जा."

 आईने पिशवी भरायला घेतली. ताईने कोबीचा नवा फोटो पाठवला. त्यात होते, "मंगळवारी तो कामावर गेला की आम्ही पोलिसांना घेऊन येतो. तुझी कागदपत्रं जवळ ठेव."

मंगळवारी संध्याकाळी धाकटी दुकानात बसली होती. हातातला चहा निवला तरी ती कप सोडत नव्हती. ताई म्हणाली, "आता हे सगळे फोटो पुसून टाकते."

"शेवटचा कोबी राहू दे. समोरच लाव."

"आणि बगळा?"

"ठेव कुठेतरी. छान आहे तो."

तेव्हापासून मी आतल्या कप्प्यात आहे. मित्रांनो, साध्यासुध्या फोटोला पुसण्याआधी जरा थांबत जा. त्याने कुणासाठी काय वाहून नेले असेल, सांगता येत नाही. कोबीची बाजू घेऊन हे मी सांगतो आहे, यावरूनच काय ते समजा.