सातऐवजी आठ

सायकल दुकानाच्या पाटीवरचा सात पेंटरने पांढऱ्या रंगाखाली गाडला आणि तो सुकेपर्यंत शिडीच्या वरच्या पायरीवर तसाच बसून राहिला. त्या महिन्यातला तो एकशे बारावा सात होता. आता त्याच जागी आठ काढायचा आणि पुढच्या दुकानाकडे शिडी न्यायची, एवढंच काम उरलं होतं.

गेल्या महिन्याच्या एक तारखेला टेलिफोन खात्याने नदीच्या मधोमध रेघ ओढली होती. पलीकडच्या काठाला जुना कोड राहिला, अलीकडच्या काठाला नवा मिळाला. फरक एका आकड्याचा. जुना कोड सातने संपायचा, नवा आठने. घरोघरचे सहा आकडी नंबर होते तसेच राहिले, पण आता भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला फोन करायचा तरी आधी शून्य आणि कोड लावल्याशिवाय घंटी वाजत नव्हती. या नियमाचं पत्रक घरोघर आलं होतं आणि घरोघर ते फडताळात डब्यांखाली अंथरलं गेलं होतं. पेंटरच्या घरीही. त्याचं काही अडत नव्हतं. फोन लावायचं खातं बायकोकडे होतं. आकड्यांशी त्याचं नातं वेगळं. साताची मान किती वाकवायची आणि आठाची शेपटी कुठे सोडायची, हे त्याच्याइतकं गावात कुणाला कळत नव्हतं. त्या आकड्यांनी पलीकडे कोणाची घंटी वाजते, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

खाली कुणीतरी शिडीवर टकटक केली. नर्सबाई होत्या. चौकातलं छोटं प्रसूतिगृह त्यांचं. पेंटरची दोन्ही मुलं त्यांच्याच हातची, त्यामुळे त्या दिसल्या की तो आपोआप खाली उतरायचा.

"माझ्या बोर्डावर कोडचा शेवटचा आकडा कोणता घातलास?" त्यांनी विचारलं.

"आठ," पेंटर म्हणाला. मग त्याला तो आठ काढल्याचं काही केल्या आठवेना.

नर्सबाईंनी जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं. सकाळी एका बाळंतिणीची आई त्यांचे आभार मानता मानता म्हणाली, की नदीपलीकडच्या त्या बाईंचंही भलं होवो, त्यांनीच तुमचा खरा नंबर दिला. कोण बाई, म्हणून विचारलं तर तिला नाव माहीत नव्हतं. बोर्डावरचा नंबर लावला की ती बाई उचलते आणि सातऐवजी आठ लावा म्हणून सांगते, एवढंच तिला ठाऊक. नर्सबाई बाहेर येऊन स्वतःच्या पाटीखाली जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथे सात होता. टपोरा, मान डौलात वाकवलेला, पेंटरच्या हातचा सात.

 चूक कशी झाली हे पेंटरला जागच्या जागी कळलं आणि त्याने तो आणखीच शरमला. बाकी सगळ्या पाट्यांवर त्याने फक्त एक आकडा बदलला होता. पण ही पाटी नर्सबाईंची, तिच्यावर ठिगळ कसं लावायचं, म्हणून त्याने ती नव्याने करायला घेतली होती. पाटी नवी करायची तर मोठ्या अक्षरांचा जुना कागद काढायचा, ज्यावर अक्षरांच्या कडेने सुईने भोकं पाडलेली असतात. तो कागद पाटीवर धरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटत जायचं, की पाटीवर ठिपके उमटतात, आणि मग डोळे मिटूनही ब्रश चालवता येतो. त्याने तसाच चालवला. वर्षानुवर्षांच्या कागदात भोकं साताचीच होती. ज्या एका पाटीसाठी त्याने जीव ओतला, तीच तेवढी चुकली.

"तीन आठवडे झाले बोर्ड लावून," नर्सबाई म्हणाल्या. "अजून तरी कोणी ओरडत आलेलं नाही."

"मग ठीकच म्हणायचं," पेंटर आशेने म्हणाला.

"ज्याला मी मिळालेच नाही, तो माझ्या दारात कशाला ओरडायला येईल?"

सायकल दुकानाची पाटी आठाविना तशीच सोडून पेंटर चौकात गेला. प्रसूतिगृहाच्या पाटीवरचा सात त्याने पुसला नाही, खरवडून काढला. आठ काढताना आयुष्यात पहिल्यांदा त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तोवर नर्सबाईंनी आत जाऊन सातचा कोड लावून पलीकडच्या बाईंना गाठलं आणि त्यांचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून आणला. बाई जपून बोलतात, पण या म्हणाल्या, असं त्यांनी सांगितलं. दोन रुग्ण बाकावर बसलेले असल्याने त्यांना स्वतःला हलता येत नव्हतं. पेंटरने चिठ्ठी खिशात घातली आणि सायकल काढली.

पुलावर वारा समोरून होता. एरवी त्याने वाऱ्याला चार शिव्या हासडल्या असत्या. आज त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. कुठल्या तरी घरात एक बाई अडली आहे, नवरा फोनवर बोटं आपटतो आहे आणि त्याच्या डोक्यात पेंटरने रंगवलेला तो डौलदार सात आहे. थोरलीच्या वेळी त्याची स्वतःची बायको अशीच अडली होती. त्या दिवशी नर्सबाई दहा मिनिटं उशिरा आल्या असत्या तर काय झालं असतं, हे त्याने आजवर बायकोलाही विचारलं नव्हतं.

दार उघडणाऱ्या बाई उंच आणि सडसडीत होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. गावच्या ग्रंथालयात त्या बत्तीस वर्षं ग्रंथपाल होत्या, गेल्या महिन्यातच निवृत्त झाल्या होत्या. आजवर ग्रंथालयाचा फोन हाताशी होता म्हणून घरी कधी घेतला नाही, आता घेतला, तर हा नंबर मिळाला. पेंटरने दारातच हात जोडले आणि रस्ताभर जुळवलेली वाक्यं धडाधडा म्हणून टाकली. चूक माझी आहे, नर्सबाईंची नाही, तुम्हाला फार त्रास झाला. त्यांनी ती सगळी शांतपणे ऐकून घेतली, त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"रेघ ओढल्यापासून एकच नंबर दोन्ही काठांवर देता येतो," त्या म्हणाल्या. "तुमच्या काठावर तो त्यांचा, माझ्या काठावर माझा. पत्रकात तिसऱ्या पानावर लिहिलंय. ते पत्रक वाचणारी गावात मी एकटीच असेन."

पेंटरने डब्यांचा विषय काढला नाही.

टेबलावर फोनशेजारी लाकडाचा एक लांबट खण होता, ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं ठेवतात तसला. निकाली निघालेल्या कार्डांच्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी आलेला प्रत्येक फोन लिहून ठेवला होता. तारीख, वेळ, कोण बोललं, कितवा महिना, काय सांगितलं. अशी बावीस कार्डं. पेंटर एकेक उलटत गेला. सासू, आठवा महिना, तपासणी, कोड सांगितला. नवरा, कळा सुरू, कोड दोनदा सांगितला, त्याच्याकडून म्हणून घेतला. बहीण, नववा महिना, रडत होती, आधी शांत केलं, मग कोड सांगितला. वाचता वाचता त्याच्या छातीवरचं ओझं उतरत गेलं. त्याच्या एका साताची चूक ही बाई तीन आठवडे एकहाती निस्तरत बसली होती, आणि तीही अशा नीटस अक्षरात, की पाटी रंगवायला ठेवावी. त्याने तसं बोलूनही दाखवलं. तुमच्यामुळे निभावलं, मॅडम.

त्यांनी खणातून सगळ्यात मागचं कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. त्यावर फक्त तारीख होती, मंगळवार, पहाटे पाच चाळीस. खाली एक ओळ. *पुरुष. धापा टाकत होता. राँग नंबर म्हणून ठेवला.*

"हा पहिला," त्या म्हणाल्या. "घरात फोन बसून चार दिवस झाले होते. मी झोपेतून उठले, तो काय म्हणतो ते ऐकूनही घेतलं नाही. बुधवारी दुसरा आला तेव्हा उमगलं. पण हा परत आला नाही."

 नर्सबाईंना एक फोन करून का सांगितलं नाही, असं पेंटरने हळूच विचारलं. त्यांनी गळ्यातला चष्मा हातात घेतला, पुसला, पुन्हा सोडला.

"दोनदा लावला. त्यांनी उचलला, मी ठेवून दिला. सांगायचं म्हणजे या माणसाचं विचारावं लागलं असतं. आणि त्या काय सांगतील ते ऐकायचा धीर नव्हता."

मग त्यांनी ते कार्ड उचलून पेंटरच्या शर्टाच्या खिशात घातलं.

"तुम्ही विचारा. काय असेल ते मला कळवा. वाईट असलं तरी."

परतीच्या वाटेवर वारा पाठीशी होता, पण सायकल काही केल्या पुढे सरकत नाही असं पेंटरला वाटत होतं. येताना भीती अख्ख्या गावाची होती, आता एका माणसाची होती, आणि ती जास्त जड होती. खिशातलं कार्ड त्याला कापडातून टोचत होतं.

प्रसूतिगृहातले रुग्ण गेले होते. नर्सबाई रजिस्टर पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. पेंटरने कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि पलीकडे जे घडलं ते सांगितलं. त्यांनी एकवार कार्ड वाचलं आणि रजिस्टर मागे उलटत त्या मंगळवारच्या पानावर आल्या. त्यांचं बोट पानाच्या वरच्या टोकाला जाऊन थांबलं. पहिली नोंद दुपारी दोनची होती. सकाळ कोरी.

"सकाळी कुणी नाही?" पेंटरने विचारलं.

 नर्सबाईंचं बोट त्या दोनच्या आकड्यावरून हलेना. पेंटर बाकावर मटकन बसला. भिंतीवर त्यानेच पूर्वी रंगवलेली सूचना होती, शांतता राखा, आणि खोलीत खरोखरच चिटपाखरू नसावं तशी शांतता होती.

"थांब जरा," नर्सबाई म्हणाल्या. "हे रजिस्टर त्याच दुपारी सुरू केलं मी. जुनं भरलं म्हणून."

जुनं रजिस्टर कपाटाच्या खालच्या खणात होतं, चादरींच्या घडीखाली. ते काढताना त्यांनी चादरी जमिनीवर पाडल्या, ज्यांना एरवी त्या कुणाला हातही लावू देत नसत. शेवटचं पान उघडलं. शेवटची नोंद त्यांनी आधी मनात वाचली, आणि मग त्या खुर्चीवर बसल्या, हात कपाळाला लावून.  पण त्या हसत होत्या, आणि डोळे भरून आले होते.

"बेकरीवाला," त्या म्हणाल्या. "सहा दहाला. टेम्पोत घालून आणलं बायकोला, पावाच्या ट्रेंच्या मधोमध. पायरीवर पाय ठेवते न ठेवते तोच मुलगी हातात. मी त्याला काय काय बोलले त्या दिवशी. म्हटलं, फोन करून यायला काय धाड भरली होती? तर म्हणाला, केला होता, लागला नाही. मला वाटलं थापा मारतोय."

पेंटरच्या जिवात जीव आला. तो उठला आणि विनाकारण चादरी गोळा करू लागला. नर्सबाई म्हणाल्या, राहू दे त्या, आधी फोन कर, बाई तिकडे वाट बघत असतील. त्यांनी फोन त्याच्याकडे सरकवला. पेंटर फोनकडे बघत राहिला. आपण फोन लावत नाही, बायको लावते, हे या क्षणी सांगण्यासारखं नव्हतं. त्याने रंगाने माखलेलं बोट पँटला पुसलं आणि एकेक आकडा मोठ्याने म्हणत लावला. शून्य. कोड. शेवटी सात. मग सहा आकडे, जे त्याने इतक्या वेळा रंगवले होते आणि कधीच लावले नव्हते.

एकाच घंटीला पलीकडून उचलला गेला, आणि त्याला तोंड उघडायची संधी न देता आवाज आला, सावकाश, एकेक शब्द सुटा करत.

"घाबरू नका. हा नंबर नर्सबाईंचा नाही, पण त्या लगेच मिळतील. फोन ठेवा. आधी शून्य लावा, मग कोड, कोडच्या शेवटी सात नाही, आठ, आणि मग हाच नंबर. लिहून घेताय ना?"

 घाबरलेल्या एकवीस माणसांनी हा आवाज ऐकला होता.

"मॅडम, मी पेंटर," तो म्हणाला. "मुलगी झाली. टेम्पोने आले ते, वेळेत पोचले. दोघी सुखरूप आहेत."

  पलीकडून खण ओढल्याचा आवाज आला, कागदांची सळसळ झाली.

"ते कार्ड तुमच्याकडेच राहिलंय," ग्रंथपालबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता तितकासा सुटा नव्हता. "दुसरं काढते. वजन किती?"

"वजन विचारतायत," पेंटर नर्सबाईंना म्हणाला.

"दोन किलो नऊशे."

त्याने ते पुढे सांगितलं. पलीकडे पेन कागदावर फिरल्याचं ऐकू येत होतं, मग थांबल्याचं.

"आता बुधवारचा," त्या म्हणाल्या. "सकाळी नऊ वीस. सासूने केला होता, आठवा महिना. तिच्या सुनेचं काय झालं?"

नर्सबाईंनी नवं रजिस्टर पुढे ओढून बुधवार काढला, आणि पेंटरने बाक पायाने फोनजवळ सरकवून घेतलं.