माळ वाकडी आहे!

परदेशातल्या शाळेत गणित शिकवायला लागून बाईंना सहा महिने झाले आणि घरचा सण तोंडावर आला. त्यात आईचा फोन.

"तुझे बाबा हटून बसलेत. म्हणतात, स्टूल धरायला लेक नाही, तर यंदा दिव्यांची माळही नाही. खोकं कपाटावरून खाली काढू देत नाहीत."

गेली बावीस वर्षं हे काम बापलेकीचंच. बाबांनी स्टुलावर चढून दारावर माळ लावायची. लेकीनं स्टूल धरायचं, आणि माळ अगदी सुतात असली तरी "वाकडी आहे!" म्हणून ओरडायचं. मग बाबांनी कुरकुरत ती काढून पुन्हा लावायची. असं तीनदा. आपली ही लबाडी बाबांना अजून कळलेली नाही, अशी बाईंची पक्की समजूत होती.

मुख्याध्यापकांनी नेमकं त्याच आठवड्यात फर्मान काढलं, "मुलांना तुमच्या सणाबद्दल सांगा." बाईंनी चित्रं छापून आणली, छान भाषण ठोकलं. पाचव्या मिनिटाला अर्धी चौथी जांभया देत होती.

पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीनं विचारलं, "पण मिस, तुमच्या घरी काय करतात?"

बाईंनी चित्रं गुंडाळली आणि स्टुलाची गोष्ट सांगून टाकली. झालं! दुसऱ्या दिवशी वर्गात माळ हजर, स्टूल हजर. बाई फळ्यावर माळ लावत होत्या आणि सव्वीस पोरं बाईंच्याच भाषेत बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "वाकडी आहे!"

तेवढ्यात बाईंना सुचलं. त्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. आईनं बाबांना जवळजवळ ओढतच आणलं.

"हे काय लावलंय?" बाबा कडाडले. "उजवीकडे दोन बोटं खाली आलीय!"

"मग तुम्हीच दाखवा की. मुलं बघतायत."

बाबांनी घसा खाकरला. मग पडद्यावर नुसतं छत दिसू लागलं आणि लांबून आवाज आला, "अगं, स्टूल कुठं ठेवलंस?"

आईनं फोन खिडकीत टेकवला, स्टूल धरलं. बाबांनी माळ लावली आणि वळून पाहिलं. बाईंनी ओरडायला तोंड उघडलं. पण वर्ग तयारीतच होता.

"वाकडी आहे!"

बाबा दचकले. मग कुरकुरत त्यांनी माळ काढली, पुन्हा लावली. पुन्हा तोच गलका. तिसऱ्यांदा लावून झाल्यावर ते खाली उतरले आणि बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "पुरे आता. सरळ आहे. पहिल्यांदाही सरळच होती. दर वर्षी असते."

बाई चाटच पडल्या. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग कधी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू स्टूल सोडून खेळायला पळाली असतीस."